आणताना फुलांनी लगडलेलं झुडूप घरी आल्यावर नुसतं पानांचं का होतं?

नर्सरीतून आणली तेव्हा जास्वंदीवर नऊ कळ्या होत्या. जमिनीत लावल्यावर आठवडाभर त्या एकेक करून उमलल्या आणि नंतर दोन वर्षं हिरवीगार पानंच पानं. कंटाळून ती काढली, तिच्या जागी इक्झोरा लावला. तीन-चार महिन्यांत त्याची पालवी पिवळी पडायला लागली. तोही काढला. मग कुणीतरी सांगितलं की बोगनवेल लावा, ती कुठेही येते. ती आली खरी, पण भिंत ओलांडून छपरापर्यंत गेली. जी काही थोडी फुलं आली ती तिथे वर, खाली उभ्या माणसाला दिसायला नुसते काटे आणि दांडे.

पाच वर्षांत एकाच कोपऱ्यात तीन झुडपं गेली. उष्ण हवामानात बाग करणाऱ्या कुणाशीही बोला, त्यांच्याकडे असा एक हट्टी कोपरा निघतोच. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते याचं कारण सरळ आहे. आपण दर वेळी झाड बदलतो, जागा तीच राहते आणि जागेतला दोषही तिथेच राहतो. माझ्या तिन्ही झुडपांची कारणं वेगवेगळी होती, पण ती सगळी त्या दीड मीटर जागेत आधीपासून होती. त्यामुळे नवीन रोप आणण्याआधी जागेची तपासणी करा. ती कशी करायची ते इथे लिहितो आहे.

त्याआधी नर्सरीतल्या बहराबद्दल. विक्रीला ठेवलेलं रोप छोट्या पिशवीत किंवा कुंडीत असतं, मुळं आवळलेली असतात, खत पाण्यातून नेमानं मिळत असतं. शिवाय बोगनवेल, जास्वंद, इक्झोरा यांसारख्या झुडपांवर वाढ रोखणारी रसायनं वापरण्याची पद्धत आहे. पॅक्लोब्युट्राझोल हे त्यातलं एक. त्यानं पेरांमधलं अंतर कमी होतं, झाड ठेंगणं आणि भरगच्च दिसतं. काही महिन्यांनी हा परिणाम ओसरला की झाड आपल्या मूळ स्वभावावर येतं आणि दीड फुटाचं रोप माणसापेक्षा उंच होतं. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या बहरावरून झाडाची उंचीही ठरवू नका आणि फुलण्याची ताकदही. पूर्ण वाढलेलं झाड किती उंच, किती रुंद होतं ते विचारून घ्या. पुढच्या अर्ध्या कटकटी तिथेच टळतात.

ऊन: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

माझा कोपरा मला कायम उजेडाचा वाटायचा. एका सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला तिथे जाऊन सावलीच्या कडेला एकेक खुंटी ठोकत गेलो. संध्याकाळी वहीत पाहिलं तर थेट ऊन पावणेबारा ते तीन, म्हणजे जेमतेम सव्वातीन तास. बाकी वेळ समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड. आपल्या डोळ्यांना तो भरपूर वाटतो, झाडाला फुलायला तो पुरत नाही.

बोगनवेल, कण्हेर, शंखासुर, टेकोमा, घाणेरी आणि जास्वंद यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर ती मरत नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो. झाड तगतं, पानं मोठी आणि गडद होतात, फांद्या लांबट होऊन उजेडाकडे झुकतात. माणूस म्हणतो, तब्येत तर उत्तम आहे, मग फुलं का नाहीत? माझी बोगनवेल छपरावर गेली ती उन्हाच्या शोधातच.

तीन-चार तासांचं ऊन किंवा मोठ्या झाडाखालची चाळणीसारखी सावली असेल तर निवड वेगळी करावी लागते. अबोली अशा जागी मनापासून फुलते. तगर आणि कुंती चालतात, हॅमेलियाही बऱ्यापैकी साथ देतो, फक्त फुलांचे झुबके कमी येतात. आणखी एक, ही माझी आवड समजा: सावलीच्या कोपऱ्यात गडद लाल किंवा जांभळा रंग दुरून काळपट दिसतो. तिथे पांढरा, फिकट पिवळा किंवा अबोलीचा केशरी रंग उठून दिसतो. मरून जास्वंदीचं पूर्ण उमललेलं फूल सावलीत दहा पावलांवरून दिसलं नव्हतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मोजणी वर्षातून दोनदा करा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात. सूर्याची वाट बदलते, हिवाळ्यात सावल्या लांबतात आणि सहा तासांची जागा तीन तासांची होते. पश्चिमेच्या भिंतीचं मात्र उलट असतं. तिथे तास कमी भरले तरी दुपारचं ऊन आणि भिंतीत साठलेली धग दोन्ही मिळून झाड भाजतं. अनंत (गार्डेनिया) अशा जागी लावू नका, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. कण्हेर आणि घाणेरी तिथे खुशाल राहतात.

पाणी: तहान सारखी नसेल तर शेजार नको

एकाच ठिबक नळीवर जास्वंद आणि बोगनवेल शेजारी शेजारी लावलेली बाग मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. दोघींपैकी एक कायम रुसलेली असते. कारण दोघींना हवं ते नेमकं उलट आहे.

बोगनवेलीला ताण लागतो. फळबागा करणारे बहर धरण्यासाठी पाणी तोडतात, त्यातलाच हा प्रकार. मुळं रुजलेल्या झाडाला रोज पाणी दिलं की ते पानं आणि लांबलचक काटेरी फोक काढत बसतं. माती चांगली सुकू द्या. पानं सकाळीसुद्धा किंचित मलूल दिसली की भरपूर पाणी द्या, आणि पुन्हा थांबा. दुपारच्या उन्हात पानं जराशी मान टाकतात, त्याला भुलू नका, संध्याकाळी ती सावरतात. असा ताण दोन-तीनदा बसला आणि ऊन पुरेसं असलं की टोकांना रंग धरतो. तो रंग पाकळ्यांचा नसतोच, ती रंगीत पानं असतात. तीन रंगीत पानांच्या मध्ये बारीक नळीसारखी पांढरट फुलं दिसतात, ती खरी फुलं. म्हणून तर हा बहर आठवडेच्या आठवडे टिकतो.

जास्वंदीला हे चालत नाही. तिची माती एकदा ठणठणीत सुकली की ती पहिल्यांदा कळ्या टाकते, त्यानंतर पानं. नंतर पाणी दिलं तरी गळलेल्या कळ्या परत येत नाहीत. तिच्या आळ्यात पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन ठेवा, फक्त ते खोडाला टेकवू नका. ओल टिकते आणि पाण्याची चढउतार कमी होते.

थोडक्यात, एका वाफ्यात एका तहानेची झुडपं. कण्हेर, बोगनवेल, शंखासुर, घाणेरी, टेकोमा एका बाजूला. जास्वंद, इक्झोरा, अनंत, मुसांडा दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी मात्र सगळ्यांनाच नेमानं पाणी लागतं. ‘कमी पाण्याचं झाड’ ही ख्याती मुळं खोल गेल्यानंतरची असते.

पाण्याबरोबर नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, सांगायला हवं. माझी जास्वंद हिरवळीच्या कडेला होती आणि हिरवळीला मी नत्रयुक्त खत टाकत होतो. ते विरघळून जास्वंदीच्या मुळांशी जात होतं. ऊन कमी आणि नत्र जास्त, मग ती पानं नाही तर काय देणार? झुडूप हिरवंगार असून फुलत नसेल तर खत वाढवू नका. उलट नत्र बंद करा आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत बेतानं द्या.

माती: भिंतीलगत खणून बघा

इक्झोरा का पिवळा पडला ते मला तो उपटताना कळलं. वीतभर खाली प्लास्टरचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि विटांची खापरं. घर बांधताना राहिलेला हा माल भिंतीलगत गाडला जातो आणि त्यातला चुना वर्षानुवर्षं मातीत उतरत राहतो. मातीचा सामू (आम्लता-अल्कता सांगणारा पीएच आकडा) चढला की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. इक्झोरा आणि अनंत या दोघांना आम्लधर्मी माती लागते, त्यामुळे सगळ्यात आधी हेच बोलायला लागतात.

ओळखायची खूण पानांवरच असते. सगळ्यात कोवळं पान हातात घेऊन उजेडात धरा. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, जाळी विणल्यासारख्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल आणि पूर्ण पान फिकटलं असेल तर नत्राची कमतरता धरा. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. या तीन खुणा लक्षात ठेवल्या तर उगाच सगळी खतं ओतण्याची वेळ येत नाही.

लोहावर उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा संयुगात बांधलेलं लोह, मिळतं, पण पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. तिथे ईडीडीएचए प्रकारचं काम करतं. तरी हा तात्पुरता उपाय आहे, कारण चुना खालून येतच राहतो. माझ्या मते अशा जागी इक्झोऱ्याचा हट्ट सोडावा किंवा तो मोठ्या कुंडीत लावावा. कण्हेर, टेकोमा आणि घाणेरी चुनखडीच्या मातीला भीत नाहीत.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टी लावून पाहा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर तिथे उंच वाफा केल्याशिवाय काही लावू नका. बोगनवेल आणि अनंत दोघांची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात. लावताना कुंडीतल्या मातीची वरची पातळी जमिनीच्या पातळीला आली पाहिजे, खोड पुरलं जाऊ नये. गोल गोल फिरलेली मुळं हातानं मोकळी करा. अपवाद बोगनवेलीचा. तिची मुळं नाजूक असतात, मातीचा गोळा फुटला तर ती महिनोन्महिने सावरत नाही. पिशवी फाडून गोळा तसाच अलगद ठेवावा.

कात्री: फुलं आपणच तर कापत नाही ना?

कुंपणाचं इक्झोरा, कुंती किंवा निळा चित्रक दर पंधरा दिवसांनी पेटीसारखा चौकोनी कापला जातो आणि मग फुलं येत नाहीत म्हणून औषध शोधलं जातं. या झुडपांची फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. शेंडा कापला की त्यातली कळीही गेली. नवा फुटवा येऊन कळी धरायच्या बेतात असतो तेव्हा पुन्हा कात्री चालते.

मूळ चूक मात्र कापण्याच्या आधी, निवडताना झालेली असते. खिडकीखाली तीन मीटर वाढणारं झुडूप लावलं की ते जन्मभर कापावंच लागतं. कण्हेर सहज तीन-चार मीटर होते. खिडकीखाली दोन-अडीच फुटांचीच जागा असेल तर ठेंगण्या जातीचा इक्झोरा किंवा अबोली लावा, कात्रीची गरजच पडत नाही. रोप भिंतीपासून किती लांब लावायचं याचाही सोपा हिशोब आहे. पूर्ण वाढीच्या रुंदीच्या निम्मं अंतर तरी सोडायचं.

जास्वंद, बोगनवेल, शंखासुर, टेकोमा, घाणेरी, कण्हेर ही सगळी नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांची मोठी छाटणी वर्षातून एकदा, थंडी संपताना, नवी पालवी फुटायच्या आधी करा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. जास्वंद छाटल्यावर भरून फुलायला दोन-तीन महिने लागू शकतात, तेवढा धीर धरा. वर्षभर मग फक्त वाळकी, एकमेकांवर घासणारी आणि आत वळलेली फांदी बुडाशी काढायची.

कळ्या येतात पण उमलत नाहीत

ही तक्रार बहुतेक जास्वंदीची असते आणि लोक पाण्याला दोष देऊन थांबतात. पाणी नियमित असेल तर एक काम करा. झाडावरची पिवळी पडत चाललेली कळी तोडा आणि अंगठ्याच्या नखानं उभी उकला. आत पाकळ्यांच्या मुळाशी मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीच्या पांढुरक्या अळ्या दिसल्या, एखादी टणकन उडाली, तर ती कळीमाशी. ही बारीकशी माशी कळीत अंडी घालते, अळ्या कळी आतून खातात, कळी गळते, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी वर येते. म्हणजे गळलेली कळी मातीत तशीच राहू देणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणं.

उपाय कष्टाचा आहे पण खात्रीचा. रोज सकाळी गळलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या सगळ्या कळ्या वेचायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायच्या आणि उन्हात ठेवायच्या. कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. सलग चार-पाच आठवडे, एकही दिवस न चुकवता केलं तर साखळी तुटते. तोवर मोठ्या कळ्याही बिनदिक्कत तोडा, जीव हळहळतो तरी. दुहेरी पाकळ्यांच्या जातींना हा त्रास जास्त होतो, म्हणून एकदा ही माशी दिसलेल्या बागेत पाच पाकळ्यांची साधी जास्वंद निवडलेली बरी.

कळीत अळी नसेल, पण पाकळ्यांच्या कडा करपलेल्या आणि कळी वाकडी असेल तर फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटकली की काळपट-पिवळे बारीक किडे पळताना दिसतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं आणि कडुनिंबाच्या तेलानं, संध्याकाळी फवारून, तो आटोक्यात येतो.

रात्रीचा दिवा

हे कारण फार कमी लोकांच्या डोक्यात येतं. पॉइन्सेटियाला रंग धरायला रात्री सुमारे चौदा तासांचा सलग अंधार दोन-अडीच महिने लागतो. अंगणातल्या दिव्याखालचं एक झुडूप मी पाहिलं. दिव्याकडची बाजू पूर्ण हिरवी, आडोशाची बाजू लालभडक, मध्ये जणू रेघ मारलेली. दिवा बंद करण्याशिवाय किंवा झुडूप हलवण्याशिवाय त्यावर इलाज नव्हता. बोगनवेलीलाही लहान दिवस आणि लांब रात्री मानवतात, तेव्हा रात्रभर जळणाऱ्या दिव्यापासून तिलाही लांबच ठेवा.

रंग बदलला तर

गुलाब आणि काही संकरित जास्वंदी कलमाच्या असतात. कलमाच्या जोडाखालून, खुंटाचा (ज्यावर कलम बांधलं त्या मुळाकडच्या झाडाचा) फुटवा वर आला तर तो जोमानं वाढतो आणि वरच्या जातीला मागे टाकतो. मग ‘रंग बदलला’ असं वाटतं. जोडाखालचा फुटवा दिसताक्षणी बुडाशी ओढून काढा. चित्रविचित्र पानांच्या झुडपात एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर तीही लगेच काढा. घाणेरीचं फूल मात्र वय वाढेल तसं पिवळ्याचं केशरी-लाल होतं, तो दोष नाही.

काय आणू नये

हायड्रेंजिया, लायलॅक आणि बहुतेक अझेलिया थंडीवर जगणारी झुडपं आहेत. काही आठवड्यांची चांगली थंडी मिळाल्याशिवाय त्यांच्या कळ्या नीट तयार होत नाहीत. फोटो कितीही मोहात पाडो, उष्ण हवामानात त्यांच्यावर वेळ घालवू नका.

कण्हेर आणि बिट्टी दोन्ही पूर्ण विषारी आहेत, पान, फूल, बी, चीक सगळं. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं जनावर असेल तर त्यांच्याऐवजी टेकोमा किंवा जास्वंद लावा. छाटलेल्या कण्हेरीच्या काटक्या जाळूही नका, धूर बाधतो. घाणेरीबद्दल मला जास्त कळकळीनं सांगायचं आहे. फुलपाखरं तिच्यावर झुंबड करतात हे खरं, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत ती आहे. पक्षी तिची काळी फळं खाऊन बी दूरवर नेतात आणि रान तिनं व्यापून जातं, गुरांना ती विषारीही आहे. लावायचीच असेल तर फळं न धरणारी जात मागून घ्या, नाहीतर फळं हिरवी असतानाच खुडा. जंगलाच्या किंवा कुरणाच्या शेजारी राहत असाल तर लावूच नका. फुलपाखरांसाठी निळा चित्रक आणि सूर्यपक्ष्यांसाठी हॅमेलिया पुरेसा आहे.

आता त्या कोपऱ्यात पुढे अबोली आहे आणि मागे तगर. मलबा दोन फुटांपर्यंत काढून नवी माती भरली, हिरवळीचं खत त्या कडेला थांबवलं, फवाऱ्याचं तोंड वळवलं. अबोलीच्या वाळलेल्या बोंडांना पाणी लागलं की ती तडतड फुटतात आणि बिया उडतात, त्यातूनच गेल्या वर्षी आठ नवी रोपं उगवली. लावल्यानंतर पहिल्या वर्षी फुलं विरळ होती. पहिलं वर्ष मुळांचं असतं, तेवढ्यावरून झाड काढू नका. ऊन सहा तासांचं आहे, शेंडे कापलेले नाहीत, नत्र बंद आहे, कळीत अळी नाही आणि तरीही फुलांचे दोन पूर्ण हंगाम कोरडे गेले, तेव्हाच कुदळ हातात घ्या. आणि खड्डा खणलाच आहे, तर रोप आणायच्या आधी त्यात पाणी भरून पट्टी लावा.